नातीच्या खेळण्याबाबत आबांविरुद्ध निवेदन

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्ज लिहिणे, राहणार जळगाव.

गैरअर्जदार : आबा, वय सत्तरीच्या पुढे, पूर्वीचा धंदा मुद्रांक विक्री, मूळ राहणार धुळ्याकडील एक खेडे, हल्ली मुक्काम मुलाकडे, सुरत.

साक्षीदार : पहिल्या, कचेरीच्या आवारातील टंकलेखक ताई. दुसरी, माझी सूनबाई, राहणार पुणे. तिसरी, माझी नात, वय अडीच वर्षे, जी अद्याप बोलत नाही, सबब तिची साक्ष नोंदवता आलेली नाही.

काळ : आबा आवारात बसत होते तेव्हापासून, ते बसत नाहीत त्या आजच्या दिवसापर्यंत.

विषय : लहान मुलास कोणते खेळणे द्यावे हे सांगणारा माणूस निघून गेल्याबाबत.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. ज्यांना ती ठाऊक आहेत त्यांना लिहून दाखवण्याची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाहीत त्यांना नाव कळल्याने आबा कळणार नाहीत. माझे शिक्षण आठवीपर्यंत झालेले आहे. परंतु सातबाऱ्यावरील दुरुस्तीपासून निराधारांच्या पेन्शनपर्यंत या आवारातून वर गेलेले कितीतरी अर्ज माझ्या हातचे आहेत, आणि भाषेपायी माझा अर्ज कोणाही साहेबाने परत केलेला नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढील मजकूर भावनेच्या भरात लिहिला आहे असा कोणाचा समज होऊ नये.

आबांचे टेबल माझ्या टेबलाला लागून होते. दोघांवर मिळून एक ताडपत्री होती. ऊन कलत जाई तसतसे आम्ही दोघे टेबले ओढीत सावलीच्या मागे जात असू, आणि संध्याकाळी निघताना सकाळच्या जागेपासून पुष्कळ लांब आलेलो असू. जळगावच्या उन्हात शेजार म्हणजे काय, हे ज्याने एका ताडपत्रीखाली दुसऱ्या माणसाबरोबर वैशाख काढला आहे त्यालाच कळेल.

मुद्रांक विकणे हा आबांचा परवाना होता. लहान मुलांना काय द्यावे हे ठरवणे हा त्यांचा खरा उद्योग होता. कोणाच्या घरी बारसे निघाले, कोणाचे जाऊळ काढायचे ठरले, कोणाच्या लेकराचा पहिला वाढदिवस आला, की माणूस बाजारात जाण्याआधी आबांकडे येई. वकील येत, कारकून येत, साहेबांचे ड्रायव्हर येत, आणि तारखेला आलेले पक्षकारही वेळ जात नाही म्हणून येऊन बसत. आबा आधी चष्मा काढून खिशात ठेवीत. चष्म्यातून कागद दिसतो, मूल दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मग उलटतपासणी सुरू होई. मुलाचे नाव, वय, रंगरूप यांत त्यांना काडीचा रस नसे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"पोर काय फेकस, ते सांगा पहिले."

मूल हाती येईल ते फेकते असे आपण समजतो, ते आबांना मान्य नव्हते. त्यांच्या मते मूल निवडून फेकते. ज्या वस्तूला त्याला काही विचारायचे असते तीच वस्तू ते फेकते, आणि खेळणे म्हणजे त्या विचारण्याला दिलेले उत्तर. हा सिद्धांत त्यांनी कोठून आणला हे मला शेवटपर्यंत कळले नाही. तो नेहमी खरा ठरत असे असेही नाही. एका कारकुनाचा मुलगा जिन्यावरून वाट्या खाली टाकीत असे. आबांनी विचार करून सांगितले की, मुलास पडण्याचा नाद ऐकायचा आहे, सबब घुंगरू शिवलेला कापडी चेंडू द्यावा. चेंडू दिला गेला. मुलाने तो उशाशी घेऊन झोपण्यास सुरुवात केली आणि जागेपणी वाट्या टाकणे चालू ठेवले. कारकून तक्रार घेऊन आला तेव्हा आबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंग वाट्याच द्या त्याले. चेंडू झोपानासाठे शे."

दुसऱ्या एका बाईंची मुलगी काहीच फेकीत नसे. जे मिळेल ते गोळा करून मांडीखाली दडवी. हे ऐकून आबा इतके अस्वस्थ झाले की त्या दिवशी त्यांनी एका खरेदीखताचा कागद भलत्याच माणसाच्या नावे फाडला. चार दिवसांनी त्यांनी शिंप्याकडून एक पिशवी शिवून आणली. तिला आतून बाहेरून खिसेच खिसे होते. बाई पिशवी घेऊन गेल्या. त्यांचे कचेरीतील काम संपलेले असल्याने त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढे कितीतरी दिवस, भडगावकडची गाडी आली आणि माणसे फाटकातून आत येऊ लागली की, आबा मान उंच करून पाहत. त्या बाई भडगावच्या होत्या. त्या पिशवीचे काय झाले हे कळल्यावाचून मनुष्य कसा राहू शकतो, असे ते मला विचारीत. त्या वेळी मला हा प्रश्न पोरकट वाटे.

टंकलेखक ताई त्यांची चेष्टा करण्याची संधी सोडीत नसत. एकदा यंत्रावरचे हात न थांबवता त्यांनी विचारले की, आबा, तुमच्या मुलाने लहानपणी काय फेकले होते? आबा तेव्हा तंबाखू मळीत होते. ते म्हणाले, "मना पोर्‍यानी मालेच फेकी दिन्हं, अन् सुरतले चालना गया." सगळे हसले. आबाही हसले. ताईंचे यंत्र मात्र थोडा वेळ थांबले होते, हे मी पाहिले.

आबांची जीभ हा आवारात चर्चेचा विषय होता. ओला स्पंज त्यांच्यापुढे नियमाप्रमाणे ठेवलेला असे, पण तिकीट ते जिभेनेच ओले करीत. खेळण्याची परीक्षाही त्याच जिभेने होई. कोणी बाजारातून लाकडी घोडा, प्लॅस्टिकचे कासव, रबरी अंगठ्या असे काही आणून दाखवले की आबा ती वस्तू सरळ तोंडात घालीत आणि डोळे मिटून बसत. सही घेण्यासाठी आलेली गंभीर माणसे समोर उभी असत आणि आबांच्या ओठांतून कासवाचे मागचे पाय बाहेर आलेले असत. मूल हे खेळणे तोंडात घालणारच आहे, मग आपण आधी का घालू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. रंग जिभेला लागला तर ते खेळणे परत करायला लावीत. स्वतः दुकानदाराकडे जात आणि लाल किंवा हिरवी झालेली जीभ पुरावा म्हणून दाखवीत.

आपली चूक मान्य करण्याची त्यांची पद्धतही निराळी होती. नशिराबादच्या रस्त्यावरील एका हॉलमध्ये एका साहेबांच्या नातवाचा वाढदिवस होता. आबांनी फार विचार करून लाकडी डब्यांचा एक संच नेला होता, ज्यात मोठ्या डब्यात लहान, त्यात आणखी लहान असे डबे बसत. मुलाने त्याकडे पाहिलेही नाही. कोणीतरी दिलेली सायरनची गाडी घेऊन तो सर्व हॉलभर ओरडत फिरला. आबा जेवणाच्या पंक्तीला आले नाहीत म्हणून मी शोधावयास गेलो, तर मुलगा आईच्या खांद्यावर झोपलेला होता आणि आबा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ती गाडी जमिनीवर सोडून पाहत होते. सायरन वाजला की दचकत आणि पुन्हा सोडीत. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली बसल्याबरोबर त्यांनी जाहीर केले की सायरनविषयीचे त्यांचे मत बदलले आहे. "बठ्ठा हॉल त्या पोर्‍याकडे देखी राह्यंता," ते म्हणाले. "मनाकडे कोन देखस?"

एका प्रकाराविषयी मात्र त्यांचे मत बदलले नाही. खोक्यावर 'शैक्षणिक' असे छापलेले खेळणे त्यांना खपत नसे. माझी नात वर्षाची होणार होती तेव्हा मी त्यांना घेऊन बाजारात गेलो. दुकानदाराने एक बोलणारे पुस्तक पुढे ठेवले. चित्रावर बोट दाबले की आतील बाई त्या वस्तूचे नाव इंग्रजीत सांगे. आबांनी केळाच्या चित्रावर बोट ठेवले. "बनाना," बाई म्हणाली. आबांनी पुन्हा दाबले. बाई पुन्हा तेच म्हणाली. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना वाटले म्हाताऱ्यास खेळणे आवडले. पण आबा दुकानदाराकडे वळून म्हणाले, "हाई खेयनंच बोलस. मंग पोरनी कव्हय बोलानं?" दुकानदाराने हसून सांगितले की आजकाल सगळे हेच नेतात. आम्ही रिकाम्या हाताने परतलो. वाटेत आबांनी मला बजावले की नातीचे खेळणे ते स्वतः पाहतील, मी मध्ये पडू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या खानदेशी बोलीत ळ हे अक्षर तोंडात येत नाही. त्याच्या जागी य येतो. आम्ही डोळ्याला डोया म्हणतो, केळाला केय म्हणतो, आणि पुष्कळ माणसे जळगावास जयगाव म्हणतात. माझ्यासारख्या कागदाच्या माणसाने ही सवय प्रयत्नाने मोडली आहे. आबांनी मोडली नव्हती. परंतु मुद्रांकावर गावाचे नाव लिहिता लिहिता त्यांनी आपल्यापुरता एक नियम बसवला होता की, तोंड जेथे य म्हणते तेथे कागदाला ळ लागतो. हा नियम गावांच्या नावांना चालून गेला, कारण मुद्रांकावर आबांना जनावरांची नावे लिहावी लागत नसत.

नातीच्या वाढदिवसासाठी मुलगा आणि सूनबाई पुण्याहून आले होते. घर पाहुण्यांनी भरले होते. आबा पांढरी टोपी घालून आले, आणि त्यांनी काखेतून एक गाठोडे काढले. पहूरच्या एका सुताराकडून करून घेतलेले लाकडी ठोकळे होते. रंग नाही, फक्त तेल पाजलेले लाकूड. कडा इतक्या गोल घासलेल्या की हात फिरवीतच राहावा. प्रत्येकावर एक चित्र कोरलेले आणि खाली शब्द. केळावर केळ लिहिले होते, डोळ्यावर डोळा. गाईच्या चित्राखाली मात्र 'गाळ' असे होते. पावलाखाली 'पाळ'. आणि मांडीवर लेकरू घेतलेल्या बाईच्या चित्राखाली 'माळ'.

ताई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ठोकळा उचलून विचारले, "आबा, ही गाळ दूध देते का धरणातून काढायची?" सूनबाई हसू दाबीत होती, पण तिच्याही डोळ्यांत ते आले. मी शुद्धलेखनाच्या बाबतीत कोणाची भीड ठेवीत नाही. मी आबांना सर्वांसमोर सांगितले की गाय, पाय आणि माय या शब्दांत य हाच शुद्ध आहे, येथे ळ लावता येत नाही. तसे सांगणे माझे कर्तव्य होते आणि ते मी आजही करीन. आबा रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून बाईचा ठोकळा घेतला, अंगठ्याने शब्द चाचपून पाहिला आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात बोलले. शाळेत त्यांनी पुस्तक वाचताना केयी असे म्हटले होते. गुरुजींनी त्यांना उभे करून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावयास लावला, आणि वर्ग हसत राहिला. त्यानंतर त्यांनी वर्गात तोंड उघडले नाही.

"मनी शाया तठेच सरनी, भाऊ," ते म्हणाले. "ह्या पोरले कोनी हसाले नको. म्हनीसन मी जठे तठे ळ टाकी दिन्हा."

म्हणजे जेथे शंका आली तेथे त्यांनी ळ घातला होता. एखादा ळ जास्त झाला तर चालेल, कमी पडता कामा नये, असा हिशेब त्यांनी माझ्या नातीसाठी केला होता.

पुढे जे झाले त्याचे साक्षीदार बरेच आहेत, परंतु ते त्याचा अर्थ माझ्यासारखा लावीत नाहीत. पाहुणे जेवणाकडे वळले. आबा जमिनीवर नातीसमोर बसले. चष्मा काढलेला होता. ठोकळे बाजूला होते. त्यांना त्यांनी हात लावला नाही. ते काही बोलत नव्हते आणि नातही नुसती त्यांच्याकडे पाहत होती. मग तिने हात पुढे करून त्यांच्या खालच्या ओठाला धरले, आणि आबांनी तो सोडवून घेतला नाही. ओठ तिच्या मुठीत असतानाच त्यांनी ताटातील एक केळ उचलले आणि म्हणाले, "केय." एवढा ळ कोरून आणलेला माणूस त्या क्षणी ळ विसरला होता. नातीने ओठ ओढला. आबा पुन्हा म्हणाले, "केय." आणि ती म्हणाली, "य."

आबा माझ्याकडे वळले. "भाऊ," ते म्हणाले, "पोर बोलनी."

सगळे हसले. वर्षाची मुले असे आवाज काढतातच, असे कोणीतरी म्हणाले, आणि ते खरेच आहे. मीही हसलो. आबांनी वाद घातला नाही. केळ सोलून तिला कुस्करून दिले आणि टोपी झटकून उठले.

ठोकळे पुण्यास गेले. सूनबाई शिकलेली आणि काळजी घेणारी आहे. मुलीच्या डोळ्यांपुढे चुकीचा शब्द नको म्हणून तिने ते कपाटावर ठेवून दिले. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. त्याच वर्षी मुद्रांकाचे काम पुष्कळसे संगणकावर गेले. आबांचे टेबल मोकळे राहू लागले. मग त्यांचा मुलगा सुरतेहून गाडी घेऊन आला. आबांना निरोप देण्यास सर्व आवार फाटकापर्यंत गेले. ते गाडीत बसल्यावर काच खाली करून एका वकिलांना विचारीत होते की त्यांच्या पुतणीचे दात आले का. त्यांच्या जागेवर आता झेरॉक्सचे यंत्र आहे. ताडपत्रीखाली मी एकटाच सावलीमागे टेबल ओढतो. यंत्र जागचे हलत नाही.

आता मूळ तक्रार.

माझी नात अडीच वर्षांची झाली आहे आणि बोलत नाही. आई म्हणत नाही, बाबा म्हणत नाही. तिला ऐकू उत्तम येते, हे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. काही मुले उशिरा बोलतात, धीर धरा, तिच्याशी भरपूर बोला, असेही सांगितले आहे. सूनबाई दिवसभर बोलते. कामावरून आल्यावर मुलगाही बोलतो. मला मोबाइलवर दाखवतात तेव्हा मी बोलतो. माझ्यासारखा बोलणारा मनुष्य या आवारात नाही, पण ती माझ्याकडे पाहते आणि तोंड मिटून घेते. एकदा सूनबाई मला म्हणाली, "मामंजी, तुम्ही एवढ्या लोकांची गाऱ्हाणी मांडता. हिचं मला कळत नाही हो, काय आहे ते." आणि तिने मोबाइल उलटा ठेवला. छत दिसत राहिले, आणि मी बराच वेळ त्या छताकडे पाहत बसलो.

मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. बाजारात जे जे 'शैक्षणिक' म्हणून मिळते ते मी पाठवले आहे. गाणारा हत्ती पाठवला, बाराखडी म्हणणारी पाटी पाठवली, आणि शेवटी तेच बोलणारे पुस्तकही पाठवले, जे आबांनी दुकानात सोडून दिले होते. नात हे सर्व फेकते. परंतु सूनबाईने एक गोष्ट पाहिली आहे आणि मीही मोबाइलवर ती पाहिली. वस्तू बोलू लागली की नात ती फेकते, आणि फेकल्यावर वस्तूकडे पाहत नाही. जवळ जो कोणी बसला असेल त्याच्या ओठांकडे पाहते. याचा अर्थ काय? तिला बोलणारे माणूस हवे आहे, की बोलणे थांबलेले हवे आहे, की ओठ नुसता धरून पाहायचा आहे? मला ठाऊक नाही. या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल, निदान उत्तर देण्याचे धाडस करील, असा एकच इसम मला माहीत आहे, आणि तो सुरतेत नवव्या मजल्यावर आहे.

मी फोन करून पाहिला आहे. आबांना आता फोनवर ऐकू येत नाही. मी ओरडून सांगितले की नात बोलत नाही. ते म्हणाले, हो, जेवण झालं. मी पुन्हा ओरडलो. ते म्हणाले, इकडे पाऊस नाही. आवारातील लोक माझ्याकडे पाहू लागले. मग आबांनी विचारले, "भाऊ, सावली कोठे आली?" मी सांगितले. ते त्यांना ऐकू गेले नसावे. सबब लिहिणे भाग पडले, आणि लिहिणे हाच माझा धंदा आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगा आणि सूनबाई नातीला घेऊन जळगावास येणार आहेत. ओसरीच्या तुळईला झोका बांधण्याची व्यवस्था मी केली आहे. खेळणे मात्र आणलेले नाही. दुकानापर्यंत जातो, खोकी पाहतो, आणि परत येतो.

तरी वरील सर्व परिस्थितीचा विचार होऊन मागणे खालीलप्रमाणे आहे. गैरअर्जदार आबा यांनी आखाजीपूर्वी जळगावास यावे. प्रकृतीमुळे येणे अशक्य असल्यास मुलीस काय द्यावे याबाबत आपले मत लेखी कळवावे. मत चुकीचे असले तरी अर्जदारास मान्य राहील. बरोबर मते देणारी माणसे पुण्यात आणि जळगावात पुष्कळ आहेत, आणि ती सर्व ऐकून झालेली आहेत. येणे जमल्यास सोबत काहीही आणू नये. तिच्यासमोर जमिनीवर बसावे. ती आपल्याकडे पाहील. आपण तिच्याकडे पाहावे. मी शेजारी बसेन आणि काही बोलणार नाही, याची लेखी हमी या अर्जाद्वारे देत आहे.

उत्तर मिळावे.

अर्जदार

प्रत : गैरअर्जदार, सुरत, मुलाच्या पत्त्यावर. मोठ्या अक्षरात लिहून.